चॅलेंजर : स्फोट नव्हे, सांध्यातली गळती

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ओ-रिंग (दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडी) ही रोजच्या वापरातली वस्तू. एका मोठ्या अवकाश दुर्घटनेचे मूळ अशाच कडीत होते.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाचा स्फोट झाला, असा समज आहे. पडद्यावर धुराचा लोट पाहिलेल्यांना तसे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उजव्या बूस्टरच्या (उड्डाणाला जोर देणारे जोडरॉकेट) सांध्यातून तप्त वायू गळला. त्याच्या ज्वाळेमुळे बाहेरची इंधनटाकी फुटली, इंधन पेटले आणि भरकटलेल्या यानाचे हवेच्या प्रचंड दाबाने तुकडे झाले.

कुकरची रिंग कडक झाली की झाकणाच्या कडेने वाफ निसटते; इथेही तसेच घडले. त्या सकाळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. गारठ्याने ताठरलेली कडी फट वेळेवर बुजवू शकली नाही. आदल्या रात्रीच काही अभियंत्यांनी हा धोका सांगितला होता.

म्हणून माणूस अवकाशात पाठवावा की केवळ यंत्रे, या वादाइतकाच धोक्याची सूचना ऐकण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. चॅलेंजरमध्ये उड्डाणावेळी सुटकेची सोय नव्हती. भारताने मात्र गगनयान या आपल्या मानवी अवकाश मोहिमेच्या सुटका यंत्रणेची उड्डाणचाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून घेतली.