अल्लाबंद : भूकंपाने उचललेली जमीन

16 जून 1819 रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने मोठ्या रणाच्या वायव्य भागात सुमारे 80 किलोमीटर लांबीचा उंचवटा निर्माण केला आणि त्याच्या दक्षिणेकडील सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. सिंधच्या राज्यकर्त्यांनी कच्छकडे येणारे पाणी अडवण्यासाठी पूर्वी बांध घातले होतेच. माणसाचा हात न लागलेल्या या नव्या बांधाला लोकांनी ‘अल्लाबंद’ म्हटले. 1826 च्या महापुरात पुराण नदीने तो फोडला, तेव्हा कापलेल्या काठांत शिंपल्यांनी भरलेले चिकणमातीचे थर उघडे पडले.

चार्ल्स लायेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथामुळे ही घटना जगभर पोहोचली. तथापि जमीन खरोखर वर आली, की दक्षिणेकडचा भाग खचल्यामुळे उत्तरेकडचा उंच दिसू लागला, हा प्रश्न उरलाच, आणि ऑस्ट्रियाचे थोर भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी तर जमीन उचलली गेल्याचे साफ नाकारले. वास्तविक त्याचे उत्तर झ्यूस यांच्या कितीतरी आधी मिळालेले होते. 1844 मध्ये कॅप्टन बेकर या लष्करी अभियंत्याने याच पुराण नदीच्या वाटेने उत्तर-दक्षिण उंची मोजत नेली. नदीकाठची गाळाची जमीन समुद्राकडे उतरत जायला हवी; येथे मात्र ती बांधाच्या दिशेने हळूहळू चढत सुमारे 6 मीटरपर्यंत पोहोचते आणि मग दक्षिणेला एकदम खाली येते. केवळ दक्षिणेकडचा भाग खचला असता, तर उत्तरेकडील मूळ उतार उलटण्याचे कारणच नव्हते. लायेल यांचे नाव सर्वतोमुखी झाले, बेकर यांचे मात्र तज्ज्ञांपुरतेच राहिले, हा न्याय नव्हे.

बांधाचा हा आकार व्युत्क्रमी प्रस्तरभंगाचा, म्हणजे दाबामुळे खडकांचा एक भाग तिरक्या भेगेवरून दुसऱ्यावर चढण्याचा, सूचक आहे. त्यात चढलेल्या भागाची कड सर्वाधिक उचलली जाते आणि मागे उंची ओसरत जाते. बेकर यांच्याच मोजणीवरून भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम यांनी 1999 मध्ये असा हिशेब मांडला, की उत्तरेकडे कललेल्या या भेगेवर खडक सुमारे 11 मीटर सरकले असावेत.

गोंडवन महाखंड फुटताना कच्छचे कवच ताणले जाऊन तेथे भेगा पडल्या होत्या. भारतीय भूपट्ट आज उत्तरेकडे रेटला जात असल्याने त्यांतल्याच कित्येक भेगा दाबाखाली उलट दिशेने सरकतात. 26 जानेवारी 2001 चा कच्छमधील भूकंपही व्युत्क्रमी प्रस्तरभंगाचाच होता, परंतु त्याची मुख्य भेग भूपृष्ठापर्यंत न पोहोचल्याने दुसरा अल्लाबंद उभा राहिला नाही.