जांभ्याखालून विहिरीकडे

सेप्टिक टँक बांधली की मैल्याचा प्रश्न मिटला, हा समज खेड्यापासून शहरापर्यंत पक्का आहे. प्रत्यक्षात टाकी अर्धेच काम करते. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, हवेविना जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवतात. मधले पाणी शोषखड्ड्यात जाते, आणि त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरी गाळणी म्हणजे खड्ड्याभोवतीची कोरडी माती. तिच्यातून पाणी सावकाश झिरपताना बरेच जंतू अडकतात आणि मरतात.

कोकणात, गोव्यात घोडे इथेच अडते. तिथला जांभा खडक भोकांचा आणि भेगांचा. त्यातून पाणी झिरपण्याऐवजी वाहत सुटते. भर पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात, तेव्हा मधे कोरडी माती उरतच नाही. भारतीय मानकानुसार शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर दूर हवा. जांभ्यात मी तेवढ्यावर विसंबणार नाही. आणि शेजाऱ्याचा खड्डा कुठे आहे, हेही विचारून घ्या.

पाणी उकळले की जंतू मरतात, मैल्यातून पाण्यात उतरलेले नायट्रेट मात्र तसेच राहते. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. ती ओलांडलेल्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध प्यायलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. डोळ्यांना किंवा जिभेला यातले काही कळत नाही. म्हणून पावसाळ्यात आणि नंतर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसा, तीही यंत्रानेच: सुरक्षा साधनांविना माणूस आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.