गुजरातमधील सिद्दींचा ‘गोमा’ : वारसा, श्रद्धा आणि कलाविष्कार

मराठी इतिहासलेखनात सिद्दी प्रामुख्याने राज्यकर्ता व सेनानी म्हणून येतो. मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि १९४८ पर्यंत टिकलेले जंजिरा संस्थान ही त्याची परिचित उदाहरणे होत. तथापि सागरमार्गे भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांत गुलाम, खलाशी, शिपाई व घरगुती चाकर यांचाही मोठा भरणा होता. त्यांचा वारसा दरबारी कागदपत्रांपेक्षा वाद्य, नृत्य व श्रद्धा यांतून टिकून राहिला. गुजरातमधील सिद्दींचा ‘गोमा’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

‘गोमा’ या शब्दाचे मूळ पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली आणि इतर बांटू भाषांमधील ‘न्गोमा’ या शब्दात आढळते. ढोल, नृत्य आणि अनेक ठिकाणी व्याधिनिवारणाचा विधी, असे तिन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. सिद्दींनी ते सूफी परंपरेत सामावून घेतले. भरूच जिल्ह्यातील रतनपूर येथे बावा गोर या आफ्रिकी संताचा दर्गा आहे. अकीक या खड्याच्या व्यापाराशी त्यांचे नाव परंपरेने जोडले जाते. तेथे मुस्लिमांबरोबरच हिंदू व पारशी भाविकही पीडामुक्तीसाठी येतात. उरुसात ढोलाची लय वाढत जाते, तसा संताचा संचार नर्तकाच्या अंगी होतो, अशी श्रद्धा आहे.

वाद्येही या श्रद्धेपासून वेगळी काढता येत नाहीत. नारळाच्या करवंटीच्या खुळखुळ्याला बावा गोर यांच्या भगिनी माई मिश्रा यांचेच नाव आहे. ‘मुगरमान’ हा पायांवर उभा राहणारा ढोल आहे. भोपळा जोडलेले धनुष्याकृती ‘मलुंगा’ हे ब्राझीलमधील ‘बेरिंबाउ’ या वाद्याशी लक्षणीय साम्य दर्शविते. दोन महासागरांपलीकडे विखुरलेल्या समाजांनी आफ्रिकेचा नाद कसा जपला, हे त्यावरून ध्यानी येते.

आज हाच आविष्कार ‘सिद्दी धमाल’ या नावाने महोत्सवांच्या रंगमंचावर दिसतो. मोरपिसांचा वेश आणि हवेत उडवून डोक्यावर फोडलेला नारळ हे त्याचे आकर्षण ठरते. त्यातून कलावंतांना उत्पन्न व प्रतिष्ठा मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु ठरावीक मिनिटांच्या प्रयोगात संचाराला अवकाश उरत नाही आणि उपासनेचे रूपांतर कौतुकाच्या वस्तूत होते. म्हणूनच गोम्याच्या जतनाचा विचार केवळ नृत्यप्रकार म्हणून करणे अपुरे आहे. दर्गा, वाद्य आणि समाज यांचे परस्परनाते टिकले, तरच ‘न्गोमा’चे तिन्ही अर्थ टिकतील.