सरड्याची धाव सड्यापर्यंत

खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणावर एक सरडा राहतो. त्याच्या एका बाजूला पार्किंग, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि पलीकडे आयटी पार्कच्या काचा. पावसाळा जवळ आला की त्याचं डोकं लालभडक होतं आणि मग भिंतीवर बसून तो दिवसभर जोर काढत असतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण याने पार खोटी पाडली आहे. बाग, बांध, उकिरडा, याला काहीही चालतं. माणसाच्या बोटींतून ही जात थेट मॉरिशसला पोचली आणि तिथेही सुखात नांदते आहे.

म्हण लागू पडते ती त्याच्या साताऱ्याकडच्या भाऊबंदाला.

सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर मागे टाकलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. एप्रिल-मेमध्ये, पर्यटकांनी पाठ फिरवलेली असते तेव्हा, इथल्या दगडादगडावर एकेक नर चढून बसलेला दिसतो. अंग मातकट, शेपूट सोडली तर जेमतेम बोटाएवढं. समोर मादी आली किंवा दुसरा नर आला की हनुवटीखालची घडी तो फटकन उघडतो. निळा, काळा, केशरी, असे तीन रंग उन्हात चमकतात, आणि तो पंखा पार पोटापर्यंत आलेला असतो. क्षणात पंखा मिटतो आणि दगडावर पुन्हा नुसता दगडच उरतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, आत्ता काय होतं ते?

2016 साली संशोधक व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण करंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नाव दिलं, ‘सरडा सुपर्बा’. हो, सरडाच. आपला रोजचा मराठी शब्द शास्त्रीय नावात जसाच्या तसा बसला. नवी जातच नव्हे, जातींचा नवा गटच (जीनस) तेव्हा मांडला गेला आणि त्याला हे घरगुती नाव मिळालं.

हा सरडा सातारा भागातल्या अशा मोजक्या पठारांवरच आढळतो. अशा पठाराला कोकणात सडा म्हणतात, आणि घाटमाथ्यावर पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या नावातही तो शब्द आहेच. खाली काळा पाषाण, वर जांभ्याचा थर, त्यावर बोटभर माती. जुलैत डबकी साचतात, सप्टेंबरात फुलं येतात, मेमध्ये तवा तापतो. हे सगळं त्याला मानवतं. कडा उतरून खाली गेलं की झाडी लागते, शेतं लागतात. तिथे त्याचं काही चालत नाही. समुद्रातल्या बेटाला पाण्याचा वेढा असतो, याच्या बेटाला दऱ्यांचा.

या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा भरपूर, वस्ती विरळ, म्हणजे जागा सोयीचीच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह पवनचक्क्यांखालचं पठार आणि शेजारचं मोकळं पठार यांची तुलना केली. 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पात्यांच्या भागात तीसा, कापशी अशा शिकारी पक्ष्यांचा वावर जवळजवळ चौपटीने कमी होता. वरून झडप घालणारंच कोणी नसल्यामुळे खाली सरडे वाढले.

वाचताना वाटतं, चला, सरड्यांचं तरी भलं झालं. पण त्यांना हातात घेऊन तपासल्यावर वेगळंच निघालं. रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, म्हणजे भीती ओसरलेली. माणूस कितीतरी जवळ गेला तरी पळत नाहीत. मात्र अंगाने हडकलेले, कारण त्याच जागेत खाणारी तोंडं वाढली. आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका. ज्या पंख्यावरून मादी नर पारखते, तोच उतरलेला.

1835 मध्ये गॅलापागोस बेटांवर डार्विनने एक सागरी इग्वाना उचलून पुन्हा पुन्हा पाण्यात फेकला होता. दर वेळी तो पोहत परत त्याच्याच पायाशी आला. जमिनीवर शत्रू असू शकतो, ही कल्पनाच त्या जातीला नव्हती. समुद्रातल्या बेटांवरचे सरडे असे निर्धास्त होतात, पण ते सहसा फार हळू घडतं. चाळकेवाडीत ते वीसेक वर्षांत घडलं. बेटावर आपण आणखी एक बेट तयार केलं, तेही भिंत न बांधता, नुसती हवा ढवळून.

पवनचक्क्या उखडा, असं म्हणण्याचा मला हक्क नाही. आमच्या खराडीत रात्री दोन वाजताही मजलेच्या मजले उजळलेले असतात, आणि ती वीज कुठून तरी येतेच. माझी तक्रार वेगळी आहे. सातबाऱ्यावर कातळ म्हणजे पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. पडीक म्हटलं की तिथे काहीही आणून ठेवायला आपण मोकळे. जंगल तोडायचं तर चार माणसं आडवी येतात. सडा खरवडला तर कोणाला पत्ताही लागत नाही. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते बरंच झालं, पण चाळकेवाडीच्या वाट्याला तसं कौतुक कुठून येणार?

आणि सड्यावर राहणारा हा एकटा नाही. याच चाळकेवाडीतून 2008 मध्ये वरद गिरी आणि आरन बाऊर यांनी जमिनीवर राहणारी सातारी पाल जगापुढे आणली. रत्नागिरीतल्या डोर्ल्याच्या सड्यावरची पांढऱ्या पट्ट्यांची पाल 1963 पासून शास्त्राला ठाऊक आहे. आज ती धोक्यात आलेल्यांच्या लाल यादीत आहे. या पाली भिंतीवर चढत नाहीत. दिवसभर सुट्या दगडाखाली बसून राहतात. तो दगड म्हणजे त्यांचं अख्खं घर.

म्हणून, पुढच्या उन्हाळ्यात चाळकेवाडीला गेलात तर सरडा लांबूनच बघा, आणि फोटोसाठी दगड उलटू नका. उलटलाच, तर होता तसा, त्याच खळग्यात, तीच बाजू खाली करून ठेवा.