एक्स-रे चांगला, तरी गुडघा दुखतो?

ओल्या धुऱ्यावर पाय घसरून गुडघा पिळला, की आपण एक्स-रे काढतो. हाड शाबूत दिसले की पुन्हा डवऱ्यामागे! पण एक्स-रेत सांध्यातली कुर्चा अन् गादी दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. त्यात क्ष-किरण नसून चुंबक असते. अंगात पेसमेकर वा धातू असल्यास आधी सांगा.

गुडघा अडकत असेल, सूज उतरत नसेल, तर चोळत बसू नका. धामणगावहून रेल्वेने सेवाग्राम गाठा, कस्तुरबा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एमआरआय त्यांनी सांगितल्यावरच काढा. कारण उतारवयात न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी फाटलेली दिसू शकते. उपचार फोटोवर नव्हे, तपासणीवर ठरतो.