आडव्या खोडावरची अळंबी

३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोलीत आंबा, काजू, नारळाच्या बागा आडव्या केल्या. पडलेल्या खोडांवर पावसाळ्यात बुरशी फुलते. ओळखीच्या खुणा:

● शिझोफायलम : नखाएवढा पांढुरका, लोकरी पंखा. खालच्या पडद्या उभ्या चिरलेल्या. उन्हात आक्रसतो, पावसात पुन्हा उघडतो.

● गॅनोडर्मा : लाकडासारखी टणक. काही जाती वरून वॉर्निश मारल्यासारख्या तांबूस. खाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रं. तिथे नखाने ओरखडलं की तपकिरी रेघ उमटते.

● ऑरिक्युलेरिया : तपकिरी, लिबलिबीत, हुबेहूब कान.

● झायलेरिया : लाकडातून वर आलेली काळी, कडक बोटं.

बीजाणूंचा रंग : पडद्यांची छत्री कागदावर रात्रभर पालथी ठेवा, सकाळी ठसा दिसेल.

सावधान : नुसत्या फोटोवरून ओळखून कुठलीही अळंबी खाऊ नका.