खानवेलच्या रानवाटांवर सायकल

सिल्वासाहून सुमारे २० किलोमीटरवरील खानवेल मागे टाकून दुधनीकडे निघाले, की साग-खैराच्या रानातील चढउतार सुरू होतात. डोंगरी सायकलचे रुंद, खाचदार टायर कच्च्या वाटेवरही पकड सोडीत नाहीत. परंतु उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक घसरून मातीत चर पडतो. पावसाळ्यात त्याच चराचा ओहोळ होतो आणि रानाची माती दमणगंगेवरील मधुबन जलाशयाकडे वाहून जाते. ह्या पाऊलवाटा मुळात वारली, कोकणा बांधवांच्या नित्य वहिवाटीच्या. म्हणून उतारापूर्वीच वेग आवरावा, ओल्या वाटेवर खाली उतरून चालावे आणि मोळी घेऊन येणाऱ्या माउलीस प्रथम वाट द्यावी. तेथे आपण पाहुणे आहोत, हे मुलांनाही अवश्य सांगावे.